समुद्राला चिंच लावली त्याची हकीकत

राजाजीनगर, बेंगळूरु
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप नयनाअक्काला धाकट्या सकूचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे रोज काही ना काही म्हणतात, मी लक्ष देत नाही. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तुझी सून स्पीकर लावते, आणि हे आधी तुला एकटीलाच कळायला हवं.

तर आपली भव्या (आमच्या संताजीची थोरली, समुद्राच्या तळाचा चिखल शिकते ती) माझ्याकडे राहायला आलीय. हॉस्टेलात म्हणे शांतता नाही. समुद्र शिकायला बेंगळूर हे काय गाव झालं? इथे पाणी बघायचं तर टँकरची वाट बघावी लागते. पण तिचा समुद्र बाटलीतून येतो. जहाजावरून लांबलचक नळी तळात खुपसून चिखल काढतात, आणि तो धुऊन गाळला की रव्यासारखं काहीतरी उरतं. मला वाटलं रवाच. तिनं सोबत आणलेल्या मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि अय्यो अक्का, एकेक कण म्हणजे शंख! कुणी चकलीसारखा वळलेला, कुणी चार चेंडू चिकटवल्यासारखा, अंगभर बारीक भोकं. आतले जीव माणूस जन्मायच्या कितीतरी आधी मेले. घरं तेवढी राहिली.

त्या घरांवरून ही पोरगी सांगते की तेव्हा समुद्र किती तापला होता. मी विचारलं, "थर्मामीटर लावायला कोण गेलं होतं गं?" तर म्हणाली, "आज्जी, हे शंखच थर्मामीटर." पाणी गरम असलं की शंखात मॅग्नेशियम जास्त जातं, गार असलं की कमी. (मॅग्नेशियम म्हणजे काय ते विचारलं नाही. मिठाचा कुणी चुलतभाऊ असावा.) गोव्याला एक मशीन आहे, शंख खाऊन ताप सांगतं. तिथे भव्याचा नंबर महिनाअखेरीला लागलाय. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. भाजी चिरता चिरता विचारते, का तापला? मग मासे कुठे गेले? ती सगळ्याची उत्तरं देते. (तिच्या बापानं मला एवढी उत्तरं जन्मात दिली नाहीत.)

आता खरं सांगते. मंगळवारी ती आंघोळीला गेली. टेबलावर बशीत वेचलेले शंख होते, पिवळट, मळकट. गोव्याला परक्यांसमोर जायचे ते असे? आपल्यात तांब्या मळला, समई मळली, की काय करतात? मी चिंचेचं कोमट पाणी घातलं. स्वल्पच. बारीक बुडबुडे आले. वाटलं, मळ निघतोय. मळ कुठला, शंखच निघाले. बशी लखलखीत, आत काही नाही.

भव्यानं बशी बघितली, मला बघितलं, आणि बशी उजेडात धरून पुन्हा बघितली. "आज्जी, साडेपाच कोटी वर्षं टिकले होते गं. तुझ्याकडे दहा मिनिटं टिकले नाहीत."

"मग तुझा समुद्र फारच नाजूक बाई," मी म्हटलं.

"नाजूकच असतो," म्हणाली, आणि एकदम हसायलाच लागली. समुद्र तापला तेव्हाही असंच झालं होतं म्हणे. हवेतला वायू पाण्यात मिसळून समुद्र आंबट झाला, तळाचे शंख विरघळले. नळीतला पांढरा चिखल मध्येच तांबूस होतो, तो तिथेच. त्यातून जे थोडे चिवट वाचले, ते हे होते. (आणि ते माझ्या हाती लागले.) म्हणजे अक्का, समुद्राला जे करायला हजारो वर्षं लागली, ते मी चौथी नापास बाईनं बशीत केलं! आता आपल्या धुरानं पुन्हा समुद्रात चिंच पडतेय, म्हणते. तेव्हापासून सिग्नलला उभ्या गाड्यांकडे मी वेगळ्याच नजरेनं बघते.

नशीब, बाटलीत चिखल उरलाय. त्यातून पुन्हा वेचायचं. शिक्षा म्हणून मलाही बसवलंय. बारीक ब्रश ओला करायचा आणि एकेक शंख अलगद उचलायचा. शिक्षा कसली, सणच. रात्री डोळे मिटले तरी शंखच दिसतात.

घरातल्या मोठ्यांत आता तूच उरलीस, तेव्हा सगळे नमस्कार तुलाच. पोरांना माझे पापे.

तुझी,
सकू

ता. क. – खरं काम राहिलंच. मशीनचा नंबर चुकला तर पोरीचं वर्ष जाईल. तुझा मोतीबिंदू निघालाय, नवा चष्माही आलाय. तुमच्या येलहंक्याहून इथे थेट बस आहेच. रविवारी ये आणि आमच्यासोबत वेचायला बस.

ता. क. दुसरा – भव्या आत्ता म्हणाली, दोघींनी वेचलं तरी महिनाअखेरीपर्यंत आरामात होईल. तिसरी आली तर चार दिवसांत संपेल, आणि संपलं की ती लगेच हॉस्टेलला परत जाणार. तेव्हा अक्का, ये जरूर, पण चष्मा घरी विसरून ये.