ढेरपोट्या ल

लोणावळे, श्रावण वद्य तृतीया, शके १८६४

स्टेशनच्या पाटीवरचा ढेरपोट्या ल गिरवत मी अक्षरे रंगवायला शिकलो, चिक्कीच्या दुकानाची पाटीही केली. यमू शेजारी बसून शिकली. लेकीने बापाकडून अक्षर घ्यावे, यात वावगे काय? पण आज तोच ल पुलाच्या भिंतीवर, डांबरात: ‘चले जाव’.

संध्याकाळी फौजदार दुकानाच्या पाटीखाली उभा होता. “शास्त्रीबुवा, ल झकास! उद्या घरी येतो. मुलीचंही अक्षर पाहू.”

हसलो खरा. वळणाआड जाताच धूम ठोकली.

घरी यमूच्या नखांत डांबर. “बाबा, ल जमला ना?”

“जमला, हीच तर पंचाईत!”

नेतील का हिला? रॉकेलने नखे घासली, मग वाईट ल शिकवायला बसलो. तिचा काही केल्या बिघडेना. माझा मात्र पहिल्याच फटक्यात बिघडला. हात कापायचा थांबेल तर ना!