चांगल्या बाटलीला हात लावत नाहीत

४ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाटल्या तपासायला कारखान्यात आता कॅमेऱ्याचं यंत्र आलं. आम्हा चौघा तपासनिसांना निरोप देण्याआधी साहेबांनी कलचाचणीला बसवलं. पुढे कोणतं काम जमेल ते कळावं म्हणून. पन्नाशीला टेकलेला माणूस आणि शाळकरी बाक! गुडघे मावेनात. नाना तऱ्हेची कामं छापलेली होती, त्यांवर खुणा करायच्या.

काल निकाल लागला. माझा कल म्हणे रुग्णसेवेकडे. सल्लागार बाईंनी कौतुकाने पाठ थोपटली. मी निकालाचा कागद घडी करून खिशात घातला. घरी येऊन तो देवापुढे ठेवला.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

१२ जून

चि. मौनीबाबास अनेक आशीर्वाद.

निकाल वाचून आधी हसले, मग रडले. अरे, हे सांगायला परीक्षा कशाला हवी होती? बायकोच्या आजारपणात दोन वर्षं तू तिला न्हाऊमाखू घातलंस. तुझी वाकडीतिकडी वेणी आरशात बघून ती बिचारी किती हसायची!

आता लपवलेलं सांगते. तुझे दाजी दोन महिन्यांपूर्वी जिन्यात कोसळले. डावी बाजू गेली. मला एकटीला ते उचलवत नाहीत. कूस बदलायची तरी शेजारणीला हाक मारावी लागते आणि हे शरमेने डोळे मिटून घेतात. एवढं सोसलेल्या तुला पुन्हा यात ओढायला जीभ रेटत नव्हती. पण तुझा कलच तिकडे असेल, तर मागते. इथल्या इस्पितळात हे काम शिकवतात, नोकरीही देतात. राहायला आपलं घर आहे. ये.

वाट पाहणारी,
ताई

२१ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

दाजींचं वाचलं आणि तसाच देवापुढे जाऊन बसलो. आणि आता जे लिहायचं आहे, त्याला हात होत नाही.

निकाल चुकीचा आहे, आणि चूक माझीच. सव्वीस वर्षं मी सरकत्या पट्ट्यासमोर उभा राहिलो. तिथे चांगल्या बाटलीला कुणी हात लावत नाही, ती आपली आपण पुढे जाते. हात लावायचा तो फक्त खराब बाटलीला. परीक्षेतही मी तसंच केलं. जे जे नको, त्यावर खूण केली. आजाऱ्याचं अंग पुसणं, त्याला भरवणं, उचलणं, सगळ्यांवर ठसठशीत खुणा. बाईंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला पुन्हा बसवलं. या वेळी निघालं ते एकट्याने करायचं, नजरेचं काम. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत एक जागा आहे. लगेच हजर व्हायचं आहे.

ताई, हिचं केलं त्याची खंत नाही. देवाने करून घेतलं. पण शेवटी शेवटी ती उचलताना दिवसागणिक हलकी होत गेली, ते हातांना अजून आठवतं. तरीही तू ये म्हणालीस तर येईन. तुझा शब्द माझ्यासाठी शेवटचा.

धाकटा

२९ जून

चि. मौनीबाबास आशीर्वाद.

तुझ्यासारखा वेंधळा तूच! यांना पत्र वाचून दाखवलं. वाकड्या तोंडाने का होईना, आज पहिल्यांदा हसले. बोलणं नीट कळत नाही, पण एवढं कळलं, पोराला बियाणंच निवडू दे म्हणाले. माझंही तेच म्हणणं. तू येऊ नकोस.

आम्ही एक बाई ठेवली आहे. चांगली धट्टीकट्टी आहे, यांना लीलया उचलते. तेव्हा घोर लावून घेऊ नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

कामात रुळलो. टेबलावर दिवा, भिंग आणि चिमटा. दिवसभरात कुणी चार शब्द बोललं तर बोललं. मन निवांत आहे, आणि त्या निवांतपणाची थोडी लाजही वाटते. रोज सकाळी देवाकडे दाजींसाठी मागणं मागतो.

महिना झाला, तुझं पत्र नाही. ती बाई टिकली ना? चार ओळी तरी लिही.

धाकटा

१० ऑगस्ट

चि. मौनीबाबास अनेक आशीर्वाद.

हे गेले. सोमवारी, खिडकीत ऊन येत होतं तेव्हा. त्रास झाला नाही.

बाई वगैरे कुणी नव्हती रे. तसं लिहायचं यांनीच सुचवलं, आणि मलाही ते पटलं. शेजारणीने आणि मी मिळून निभावलं. शेवटी शेवटी मला एकटीलाही उचलता येत होते, म्हणजे काय ते तुला सांगायला नको. रागावू नकोस, आणि जिवाला लावूनही घेऊ नकोस. तू विचारलं होतंस, मी नको म्हटलं होतं. तो माझा निर्णय होता, आजही आहे.

पत्रावर यापुढे सौ. लिहू नकोस. सवयीने हात जाईल, जप.

सुट्टी मिळाली की ये. करायचं काही उरलेलं नाही. जेवायला दोन ताटं घ्यायची सवय मोडत नाही, तर तू समोर बस.

ताई