पडद्यावरचा पक्षी

सोमवार, ६ जानेवारी
आज पुन्हा तेच! चौथीची मुलं गात होती आणि मला आवाज विहिरीतून आल्यासारखा. सूर लागला की चुकला, काही कळेना. घरी बायको म्हणते, "ऐकू येत नाही की ऐकायचंच नसतं?" हसून वेळ मारून नेली. गाण्याचा मास्तर बहिरा — कोण ठेवून घेईल?

गुरुवार, ९ जानेवारी
युक्ती सापडली! खिडक्यांना काळे कागद, मधे पांढरी चादर, मागे दिवा. काडीवर पुठ्ठ्याचा पक्षी. चादरीवर सात रेघा — सा खाली, नी वर. वर्ग गातो, आणि पडद्यामागचं मूल जो स्वर ऐकेल त्या रेघेवर पक्ष्याची सावली नेतं. 'ग' म्हणायला सांगितला, सावली 'रे'वर. "उतरला!" मी ओरडलो. पोरं चाट पडली.

बुधवार, १५ जानेवारी
मुख्याध्यापिकाबाई खूश. "मुलांचा कान तयार होतोय, सर!" गणिताच्या बाई त्याच चादरीवर पाव-अर्धा-पाऊण शिकवतात, भूगोलवाल्याने ग्रहण लावलं. मी मात्र चोराला शाबासकी मिळावी तसा उभा.
पण एक खरं — हल्ली पक्षी दिसला की मला ऐकूही येतं. स्वच्छ! कान सुधारतोय की काय?
येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी इतर शाळांचे शिक्षक बघायला येणार आहेत.

गुरुवार, २३ जानेवारी
मुख्याध्यापिकाबाईंना सांगून टाकावं का? नको. निवृत्तीला तीनच वर्षं.

शुक्रवार, २४ जानेवारी
सगळं मुसळ केरात!
पहिलं गाणं झकास. दुसऱ्याच्या मध्यावर फट्कन दिवा गेला. मिट्ट काळोख. आणि पोरांनी गाणंच बंद केलं! दिवा गेला म्हणून गळा जातो का? मी कडाडलो, "थांबलात का? गा! गा म्हणतो ना!" दोनदा, तीनदा. ढिम्म! कुणीतरी खिडकीचा कागद फाडला. पोरं तोंड मिटून बसलेली. पाहुणे मुलांना सोडून माझ्याकडेच बघत होते. बाईंनी खांद्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटल्या. मी मान डोलावली.
मुलांचा फार राग आलाय. एवढी मेहनत घेतली आणि ऐन वेळी तोंडघशी पाडलं. उद्या चांगला फैलावर घेतो एकेकाला.

शनिवार, २५ जानेवारी
वर्गात शिरताच मॉनिटर पोरगी समोर येऊन उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सर — आम्ही — थांबलो — नव्हतो. अंधारात — पूर्ण गाणं — म्हटलं."