चिमीचं जॅबर

४ मार्च
थेरपिस्टबाई गोड बोलून डोक्याला ताप देतात! चिमी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द नाही, म्हणून गेलो. तर म्हणे, ती दिवसभर काय आवाज काढते ते रोज टिपा. मी म्हटलं, आमच्याकडे सगळी बडबडच. हसल्या नाहीत.

"बा-बा, ता-ता हे बॅबल. शब्द नाहीत, पण बोलल्यासारखे चढउतार असले की जॅबर. शब्द आहेत, पण काहीच्या काही, ते प्रॅटल. जॅबर ऐकू आलं की शब्द जवळ आले समजा."

५ मार्च
बॅबल. बॅबल. बॅबल.

७ मार्च
चिमीचं ऐकू कसं येणार? सासूबाईंची टकळी थांबेल तेव्हा ना! आज मटार सोलता सोलता दुधाची पिशवी गळकी निघाली इथून जी सुरुवात झाली, ती मावसबहिणीच्या ऑपरेशनपर्यंत. दुधाचं काय झालं, कळलंच नाही! डिक्शनरीत बघितलं, याला रॅम्बल म्हणतात. पेपर वाचून दाखवतात ते ड्रोन — एकसुरी, ऐकणाऱ्याला झोप येईल असं. आणि बाथरूम नीट घासलं नाही म्हणून मला सुनावतात ते हरँग. सगळे प्रकार घरबसल्या! वर चिमीला समोर बसवून. त्या पोरीला तोंड उघडायला जागा तरी आहे का?

९ मार्च
नवऱ्याशी कडाक्याचं भांडण. "तुझी आई गप्प बसली तर माझी पोरगी बोलेल!"

म्हणाला, "मीपण लहानपणापासून ऐकतोय. बोलतो की मी."

"तू? तुला हो आणि नाही एवढंच येतं!"

मग रडूच आलं. ती कधीच बोलली नाही तर?

१० मार्च
सासूबाईंना नणंदेकडे धाडलं. "मी अडचण होते का गं?" एवढंच म्हणाल्या. फार लागलं मला. पण टॅक्सीत बसल्या बसल्या ड्रायव्हरशी सुरू!

१३ मार्च
घर शांत. चिमीही शांत. साधं बा-बासुद्धा नाही! मी समोर बसले. "हा बॉल. लाल बॉल." पुढे काय बोलायचं ते सुचेना. ती उठून गेली. बोलायचं म्हणजे नक्की काय बोलायचं एका लहान मुलीशी? सासूबाईंना कसं सुचत असेल एवढं?

१६ मार्च
चिमी सासूबाईंच्या रिकाम्या पलंगासमोर उभी होती. शब्द एकही नाही, पण काय बोलत होती! सूर चढवला, खाली आणला, कुजबुजली, हात उडवले. मध्येच थांबली, उत्तराची वाट बघत. परत सुरू. जॅबर! हुबेहूब त्यांच्याच सुरात. उत्तर येईना, तेव्हा तिने उशी ओढली.

नणंदेकडे फोन लावला. "आई, आजच्या आज निघा."