भात्याचा हात

२ जुलै १९७३, सोमवार

आईचं पत्र आलं. आई सांगते आणि शेजारची सुमन लिहिते, त्यामुळे मध्येच सुमनचं स्वतःचंही काहीबाही घुसतं. दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं, शेळी व्याली, आणि अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं: 'तुजे दादा पेटी चर्चला देऊन टाकायची म्हंत्यात. नाताळला. लई सांगितलं, ऐकत न्हाईत.' दादांना स्वतः लिहायला काय झालं? उजवा हात चांगला आहे. पण लिहीत नाहीत.

पत्र नर्सच्या गणवेशाच्या खिशात घालून दिवसभर वॉर्डात फिरले. खिडकीजवळच्या म्हातारीने विचारलं, काय झालं गं? म्हटलं, काही नाही. इथे इंग्लंडात हिला काय सांगणार? गेल्या वर्षी माझ्या वडिलांना, दादांना, लकवा झाला, डावी बाजू गेली, तेव्हापासून त्यांची वाजवायची पेटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली आहे आणि ते कुणाला हात लावू देत नाहीत. आणि मीही तेव्हापासून गायलेले नाही. लहानपणापासून गावी काष्टीत चर्चमध्ये, मेळ्यात, लग्नाकार्यात, दादांनी सूर धरला की माझं तोंड उघडायचं. त्यांच्या पेटीशिवाय एकदाही नाही.

१४ जुलै, शनि.

ब्रिजेट (यापुढे ब्रि., शाई वाचेल) होस्टेलात माझ्या शेजारच्या खोलीत राहते. आयर्लंडची. तिच्याकडे अ‍ॅकॉर्डियन आहे, गळ्यात अडकवायची पेटीच म्हणायची, आणि सुटीच्या सकाळी ती सगळ्यांची झोप मोडते. आज नवीनच खूळ. ऑगस्टच्या शेवटी कुठल्याशा शेतकऱ्याच्या माळावर तीन दिवस गाण्याचा मोठा मेळा आहे. हजारोंनी पोरंपोरी येतात, तंबू ठोकून राहतात. मोठ्या स्टेजवर नावाजलेली मंडळी, पण एका लहान मांडवात ज्याला हौस असेल त्याने नाव देऊन गावं.

"चल. गा तिथं."

म्हटलं, मी पेटीशिवाय गात नाही.

"का? गळा पेटीत ठेवून आलीस?"

असा राग आला! खोटं बोलली असती तर आला नसता.

१५ जुलै

ठरलं. जाणार आणि गाणार. पेटी नाताळला जाणारच असेल तर तिच्याशिवाय गायला शिकलं पाहिजे. नाहीतर दादांच्या हाताबरोबर माझा गळाही गेला, असं व्हायचं. ते मी होऊ देणार नाही.

२९ जुलै

न्हाणीघरात सराव. दादांनी स्वतः रचलेलं पद, बायबलातल्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं, जिच्याकडे येशू पाणी मागतो. पहिलं कडवं बरं, दुसऱ्याला सूर खाली, तिसऱ्याला कुठल्या कुठे. दारावर थापा. बाहेर अन्नम्मा (यापुढे अ.), केरळची, आमच्याच वॉर्डातली. "काही दुखतंय का तुझं?" हिलाही मेळ्याला न्यायचं ठरलं, कारण हिला चिखलात, पावसात, कुठेही भात शिजवता येतो.

१९ ऑगस्ट

मेट्रनबाईंनी तिघींना एकदम सुटी द्यायला नाही म्हटलं. मी तिथून हललेच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, रत्नमाला, तू फार हट्टी मुलगी आहेस. म्हटलं, वडिलांवर गेले आहे. सुटी मिळाली.

२४ ऑगस्ट, शुक्र.

पोचलो. काय गर्दी! काष्टीचा शनिवारचा बाजार दहा वेळा एकत्र भरवावा आणि बैलांच्या जागी केसाळ पोरं उभी करावीत. माझी साडी, खाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मला बघून एक मुलगा हात जोडून 'नमस्ते' म्हणाला, दुसऱ्याने मी योग शिकवते का विचारलं. म्हटलं, नाही, मी इंजेक्शनं देते.

तंबू लावताना ब्रि. हसत होती, कारण मी आधी भोवतीने चर खणला. आमच्या उन्हाळी मेळ्यात सगळं चर्च बैलगाड्या जोडून नदीकाठच्या आंबराईत जायचं, तेव्हा तंबू किंवा पाल ठोकायच्या आधी दादा हातात कुदळ द्यायचे. वळवाचा भरवसा नसतो. इथल्या पावसाचा तर मुळीच नसतो. संध्याकाळी आला. शेजारच्यांचे बिछाने भिजले, आमचे नाही. मग ते सगळे आमच्या तंबूत आले आणि अ. चा भात संपला, म्हणजे फायदा काय झाला ते देवाला ठाऊक.

लांबून मोठ्या स्टेजचं वाजतंय. जमीन हादरते. आवडलं. मला वाटलं होतं आवडणार नाही.

२५ ऑगस्ट, शनि.

सकाळी मांडवात नाव द्यायला गेले. टेबलापाशी लांब दाढीवाला, फार सभ्य. नाव लिहून घेतलं, उद्या दुपारची वेळ दिली. विचारलं, तुम्हाला काय काय लागेल? आणि माझ्या तोंडून निघालं, "फक्त एक बॉक्स."

पेटी म्हणजे बॉक्स! हार्मोनियम हा शब्द मला येत नाही असं नाही. आणि पेटीशिवाय गायचं म्हणून आले होते की नाही? पण कोणी विचारलं काय लागतं, तर पोटातून जे आलं ते आलं. तो म्हणाला, मिळेल की. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. यांच्याकडे पेटी आहे! माझे सगळे निश्चय एका मिनिटात वाऱ्यावर. दिवसभर उड्या मारत फिरले.

दुपारी ब्रि. ने माशांचा डबा उघडताना डाव्या हाताचा तळवा कापून घेतला. खोल. टाके घालावे लागले नाहीत, पण मी चांगली जाड पट्टी बांधली. तिलाही उद्या वाजवायचं होतं. भोकाड पसरून रडली, बिचारी.

२६ ऑगस्ट, रवि.

हे सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

दुपारी मांडवात गेलो. दाढीवाल्याने हसतमुखाने मला माझी बॉक्स दिली. सफरचंदांचं रिकामं खोकं. उलटं करून, वर पोतं घालून, मला बसायला.

आधी काही कळेचना. मग कळलं आणि कानशिलं तापली. समोर शंभरएक माणसं गवतावर बसलेली. अ. म्हणाली, चल परत. ती म्हणाली म्हणूनच मी म्हटलं, नाही. खोक्यावर बसले आणि सुरू केलं. पहिलं कडवं. दुसऱ्याला सूर घसरला, न्हाणीघरात घसरायचा तिथेच. थांबले. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात ब्रि. अ‍ॅकॉर्डियन गळ्यात घालून वर आली. "सरक." अर्ध्या खोक्यावर बसली. "उजवा हात चालतो माझा. डावी बाजू तू ओढ."

म्हणजे तिच्या उजव्या हाताखाली पट्ट्या आणि डावीकडचं टोक माझ्या हातात, भात्यासकट. मी पट्टीवर बोट ठेवून दाखवलं, काळी चार, हा माझा सूर. तिने दाबली. मी ओढलं. एवढं ओढलं की दोघी खोक्यावरून पडता पडता राहिलो. आता मात्र हसले सगळे. आम्हीही. पुन्हा सुरू केलं.

पहिल्यांदा माझा श्वास एकीकडे आणि भाता एकीकडे. मग लक्षात आलं की मी श्वास घेते तेव्हाच भाता मिटायचा, सोडते तेव्हा उघडायचा. एकदा ते जमलं आणि पुढे... चाल ब्रि. ला येत नव्हती, ती नुसती काळी चार आणि तिच्या आजूबाजूचे दोन सूर धरून होती. तेवढं पुरलं. सगळी कडवी म्हटली. एकाही माणसाला शब्द कळला नाही. एक बाई पुढे बसून रडत होती, का ते तिचं तिला माहीत.

आणि शेवटच्या कडव्यात, गाता गाता, माझ्या डोक्यात ते आलं. इतकं सोपं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दादांचा गेलाय तो डावा हात. डाव्याने ते भाता मारायचे, बस्स. सुरांचा हात उजवा. सुरांचा हात शाबूत आहे!

नर्स म्हणून मिरवते मी. वर्षभर 'दादांचा हात गेला, दादांचा हात गेला' करत बसले. लिहायचा हात चांगला आहे हे ठाऊक होतं, पण सुरांचा हात तोच, हे एकदाही लक्षात आलं नाही.

२७ ऑगस्ट

परतीच्या बसमध्ये ब्रि. ला म्हटलं, नाताळला मी घरी जाणार. ती म्हणाली, मेट्रन मारेल तुला. म्हटलं, मारू दे.

३० सप्टें.

मेट्रन: नाही.

११ ऑक्टो.

मेट्रन: नाही.

२ नोव्हें.

ब्रि. ने नाताळातल्या माझ्या सगळ्या पाळ्या स्वतः करीन असं लिहून दिलं. अ. ने नव्या वर्षाच्या. मेट्रन: बरं. वर म्हणाल्या, तुझे वडील भेटले असते तर त्यांना दोन शब्द सुनावले असते. म्हटलं, तेच करायला चालले आहे.

१८ डिसेंबर, मंगळ. काष्टी

दौंडहून एस.टी.ने आले. आई फाट्यावर उभी. "आगं किती वाळलीस! तिकडं खायाला देत न्हाईत व्हय?" दादा ओट्यावर खाटेवर. दाढी नीट केलेली, स्वतः करतात. उजव्या हाताने माझा हात धरला, सोडेनात. पेटी आत कोपऱ्यात, वर आईचं जुनं लुगडं.

१९ डिसें.

सांगून टाकलं. मला दम निघतच नाही. "दादा, सूर तुम्ही धरा. भाता मी मारते."

दादा म्हणाले: "दोघांनी मिळून एक पेटी? लोक हसतील, रतन."

म्हटलं, हसू देत. तिकडे शंभर माणसं हसली, मेले नाही मी.

"मला कुणाची कुबडी नको." तोंड भिंतीकडे.

आईने चुलीपाशी बोलावून सांगितलं, "तुजा बाप दगड हाय. लई कष्ट नको घेऊ, पोरी." म्हटलं, आई, मी त्यांचीच मुलगी आहे.

२० डिसें.

पेटीवरचं लुगडं काढलं. दादा बघत होते. भात्याच्या घडीला उंदराने कुरतडलेलं. पर्समध्ये वॉर्डातली चिकटपट्टी होती, ब्रि. च्या हाताला लावली तीच. आतबाहेरून नीट चिकटवली. जखमेसारखी आधी पुसून, कोरडी करून.

चर्चची माणसं चोवीसला सकाळी न्यायला येणार आहेत. दादांनीच निरोप दिलाय.

२१ डिसें.

पेटी खाटेला लावून ठेवली, पट्ट्या दादांकडे. मी पलीकडे, भात्यापाशी, त्यांच्या समोर तोंड करून बसले. आधी मी नेहमी त्यांच्या बाजूला बसायची, वाजवताना त्यांचा चेहरा कधी दिसलाच नाही. आता दिसतो. नुसता भाता मारत बसले. सूर कसला येणार, पट्टी कोणी दाबलेली नाही. पेटी नुसता श्वास घेते आणि सोडते. दादांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते.

सुमन येऊन बघून गेली. ती गावभर सांगणार. सांगू दे.

२२ डिसें.

आज बाजार, गावात गाड्यांची गर्दी. मी भाता मारतेय. दादा वर्तमानपत्र वाचताहेत, म्हणजे तोंडापुढे धरून बसलेत. एकदा उलटंच धरलं होतं. मी हसले नाही. फार कठीण गेलं.

मी त्यांचं पद गुणगुणायला लागले. दुसऱ्या कडव्याला सूर घसरला, नेहमीच्या जागी. वर्तमानपत्र हललं. बस्स, तेवढंच.

संध्याकाळी मी रडले, आईच्या मागे, गोठ्यात. रागाने. एवढ्या लांबून आले मी!

२३ डिसें., रवि.

चर्चहून आल्या आल्या परत बसले. उद्या सकाळी पेटी जायची आहे. आई म्हणाली, जेव तरी. म्हटलं, नंतर. हात भरून आला होता, पण मारत राहिले, जोरजोरात, खरं म्हणजे चिडूनच. मग म्हटलं, "दादा, काळी चार द्या ना."

पुन्हा म्हटलं.

दादांनी वर्तमानपत्र घडी करून उशीखाली ठेवलं. माझ्याकडे नाही, भात्याकडे बघत, मास्तर असताना शाळेत पोरांना बोलायचे त्या आवाजात म्हणाले:

"किती आपटतेस भाता! सगळी हवा वाया चाललीय. हळू."

त्यांचा उजवा हात चादरीवर होता. पेटीपासून वीतभर लांब. पुढे आला नाही, मागेही गेला नाही.

मी हळू मारायला लागले.