पाण्याऐवजी द्राक्षं

३ एप्रिल, गुरु.
डायलिसिसहून दुपारी परत आलो. आबांचं वजन पुन्हा जास्त, म्हणजे अंगात पाणी साठलेलं. नर्सबाई आबांना काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी पाणी कोण देतं?" मी देते. सकाळी एक बाटली भरून ठेवते, दिवसभराचं तेवढंच, चहा आणि गोळ्या धरून. दुपारच्या आतच संपते. मग आबा रिकामी बाटली जिभेवर उलटी धरून बसतात. मी बघितलं नाही असं दाखवते.

नर्सबाईंनीच सुचवलं, द्राक्षं गोठवून द्या. एकेक चघळत बसतात, तोंड ओलं राहतं. तीही बेतानंच. सफरचंद, अननस थोडं चालेल. आंबा, केळं, चिकू, शहाळं अजिबात नाही, त्यातलं पोटॅशियम हृदयाला धोक्याचं. ऐन एप्रिलात हे सगळं नाही.

५ एप्रिल
काल दुकानातून सुटल्यावर शाहूपुरीतनंच द्राक्षं घेतली. धुतली आणि तशीच ओली डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी सगळ्याचा मिळून एक दगड. आईने वरवंट्याने फोडला, अर्धी द्राक्षं फरशीवर. आबा खाटेवरून, "पोरीनं वीट पाडली गं! आता घर बांधा म्हणावं."

पुष्कळ दिवसांनी असं काही बोलले. आई हसली. मी मोरीत जाऊन रडले. साधं द्राक्ष गोठवता येत नाही, आणि यांचा जीव माझ्या हातात दिलाय.

६ एप्रिल
आज पुसून कोरडी केली, देठ काढले, ताटात सुटी सुटी पसरली. कडक झाल्यावर डब्यात. जमलं. सफरचंदाच्या चकत्यांना लिंबू लावलं, काळ्या पडल्या नाहीत. अननसाचे तुकडे टूथपिकवर.

आबांनी एक द्राक्ष गालात धरलं. डोळे मिटले. "गार हाय की." मी शेजारीच बसले. घशात अडकलं तर? हे नवीन. आधी पाण्याची भीती होती, आता द्राक्षाची.

दुसरं तोंडाने मागितलं नाही. नुसता हात पुढे केला, तळवा वर. सगळा जन्म एसटीत लोकांपुढे हात करून "तिकीट, तिकीट" म्हणण्यात गेला, पण तो हात असा नव्हता.

९ एप्रिल
पाहुण्यांचं प्रकरण आज फुटलं.

आबांसमोर कुणी पाणी प्यायचं नाही हे मी ठरवलेलं. भेटायला कुणी आलं की आई त्यांना आधी शेजारी सुमनकाकींकडे नेते. पाणी तिथे, चहाही तिथे, मग आमच्याकडे. आबांना आजवर कळलं नव्हतं. आज बापूकाका आले, आबांच्या गाडीवरचे ड्रायव्हर. माणूस साधा, आवाज हॉर्नसारखा. बसल्या बसल्या म्हणाले, "शेजारणीचा चहा झ्याक हुता, पर तुमची चूल बंद पडली काय रं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं.
"माझ्या दारात आलेला माणूस दुसऱ्याच्या घरात पाणी पितोय? मी काय मेलोय व्हय?"
"आबा, तुमच्यासाठीच..."
"पावण्याला पाणी न्हाय मिळत, त्याला घर म्हणत न्हाईत. स्टँड म्हणा."

आईने तांब्या-भांडं आणून ठेवलं. बापूकाकांनी ओठ लावल्यासारखं केलं आणि ठेवलं. आबा म्हणाले, "पी की सगळं. लाजतोस काय नव्या नवरीसारखा." बापूकाका प्यायले. आबा त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली जाईपर्यंत.

मला तिथे थांबवेना.

११ एप्रिल
तोडगा काढलाय. या खोलीत पाणी येणार नाही, पण आलेला माणूस रिकाम्या तोंडाने जाणारही नाही. येईल त्याला वाटीत गोठवलेली फळं. आबांच्या हातातही तशीच वाटी. एकजण खातोय आणि दुसरा बघतोय असं नको.

आबांना पटलं. खूश झाले म्हणायला हरकत नाही. बापूकाका मुद्दाम पुन्हा आले. एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि गाल धरून उभेच राहिले. "आगं सुजे, गोट्या दिल्यास व्हय! मोजकं दात ऱ्हायल्यात, ते बी घालवतीस!"
आबा खोकला येईपर्यंत हसले. "पुढं सरका म्हाताऱ्यानू, मागं जागा करा," म्हणाले, गाडीतल्यासारखं.

आजचा दिवस बरा. लिहून ठेवते.

१४ एप्रिल, सोम.
जयंती आणि डायलिसिस एकाच दिवशी. दरवर्षी कोपऱ्यावरचं पाण्याचं पिंप आबांकडे असायचं. मिरवणुकीतल्या माणसाला हाक मारून, थांबवून पाणी पाजायचे. नको म्हणाला तरी. आज पांढरा सदरा घालून रिक्षात बसले. कोपऱ्यावर मंडळातल्या कुणीतरी ओळखलं आणि गार बाटली आत दिली. "आबा, घ्या की! ऊन काय हाय!"

आबांनी घेतली. हॉस्पिटलपर्यंत मांडीवर, दोन्ही हातांत. झाकण उघडलं नाही. उतरताना रिक्षावाल्याला दिली, "तू पी बाबा, उन्हाचा फिरतोस."

सगळा रस्ता मी त्यांच्या हातांकडे बघत होते, झाकण फिरतं का म्हणून. मिरवणूक दिसलीच नाही मला.

१७ एप्रिल, गुरु.
वजन ठीक. नर्सबाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवा." त्या असं म्हणाल्या की मला जास्तच धास्ती वाटते.

पाहुण्यांच्या दातांसाठी वेगळा प्रकार केला. अननस मिक्सरला फिरवायचा, थोडं पाणी, साखर, चवीला काळं मीठ. पसरट डब्यात गोठवायचा आणि अर्धवट घट्ट झाला की काट्याने खरवडायचा. भुसभुशीत होतो, म्हातारी माणसंही खातात. आबांच्या वाटीत मात्र नुसते तुकडे, त्यांच्या बेताचे. त्यांनी दोन्ही वाट्यांकडे बघितलं.

२० एप्रिल
शाहूवाडीहून आत्या आली. भात आणि म्हशी सोडून कधी येत नाही, भावासाठी आली. बरोबर पोतं, पोत्यात शहाळी, मलकापूरच्या बाजारातली. मी दारातच अडवली.
"आत्या, आबांना हे चालत नाही."
"नारळाच्या पाण्यानं माणूस मेलेला कधी ऐकलाईस? डाक्टर कुटला हाय तुमचा?"
"त्यात पोटॅशियम असतं."
"आमच्यात नसतं. आमच्यात पाणी असतंय."
आबा आतून, "आक्का, वाद घालू नको. ती माझी मालकीण हाय आता."

शहाळी काकींकडे गेली. आत्याला खरवडलेला अननस आवडला. आठवडाभर राहते म्हणाली. बरं झालं. मी दुकानात आणि आई तिच्या कामावर असताना आबांजवळ कुणीतरी असेल. रोज कुणी ना कुणी भेटायला येतंच, त्यांच्या वाट्या भरायलाही ती आहे.

२४ एप्रिल, गुरु.
वजन इतकं वाढलं की नर्सबाईंनी काटा पुन्हा शून्यावर आणून बघितला. पाय सुजलेत. पाणी येतंय कुठून? बाटली मी रोज खुणेपर्यंतच भरते. नळाला कुलूप नाही, पण आबा उठून जातील तर आत्याला कळेल. आत्या म्हणते, उठले नाहीत.

आबा अंघोळीला गेले तेव्हा मी मोरीच्या दाराला कान लावून उभी राहिले. त्यांनी दार उघडलं तेव्हाही मी तिथेच होते. "ऐकू आलं काय?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी मी आईवर ओरडले. तूच देत असशील, तुला त्यांचं बघवत नाही. आई भांडी घासत होती. "ठेव माझ्यावर नजर. मी बी दमलोय बाई." मान वर केली नाही तिने.

२७ एप्रिल
हॉस्पिटल. पहाटे आबांना आडवं पडता येईना. बसून, पुढे वाकून श्वास घेत होते, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा. बापूकाकांनी कुणाची तरी जीप आणली. लगेच मशिनवर घेतलं.

डॉक्टर: "मीठ काय काय जातंय?" मी म्हटलं, आबांच्या जेवणात नाही, आमच्याही नाही, सगळ्यांनी सोडलंय. हे मी अभिमानाने सांगितलं.

आत्या व्हरांड्यात खाली बसली होती. तिने तिथेच सांगितलं. पाहुणे वाटी निम्मी तशीच टाकतात. मी घरी असले तर त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला जाते, दुपारी ते आपले आपण जातात. तोवर वाट्यांत सगळं पाणी झालेलं असतं. आबा हात पुढे करतात. आत्या एकेक वाटी देते. आबा पितात, वाट्या रिकाम्या. मला वाटायचं, पाहुण्यांना आवडलं.
"आणि तू गप्प बसलीस?"
"तानलेला माणूस हाय, सुजे. माझा भाऊ हाय. तू मोजत बस. मला न्हाय जमत."

तांब्या खोलीतून काढला आणि त्याच खोलीत वाट्यांतून पाणी नेऊन ठेवलं. त्यात काळं मीठ घातलं, म्हणजे तहान अजून वाढावी. दुसऱ्या कुणी नाही. मी.

आईची माफी मागायची आहे. अजून...

१ मे, गुरु.
आबा घरी. आत्या कालच गेली, माझ्याशी न बोलता. तिची तांदळाची पिशवी कोपऱ्यात आहे, तेवढी ठेवून गेली.

मी आबांना विचारलं, का केलंत? मला सांगायचं होतंत, मी काहीतरी...
"तुला शाळेत घालायच्या आधी मी पाटीवर शिकवायचो. एक अक्षर वाकडं गेलं की सगळी वळ पुसायचो, पुन्ना लिही म्हणायचो. तू रडायचीस, पर लिहायचीस." दम लागतो अजून. "लई कडक मास्तर हुतो मी. आता कळतंय."
रागाने नाही म्हणाले. तेच वाईट.

८ मे, गुरु.
डाय. झालं. वजन ठीक, कारण आबा आता काही मागतच नाहीत.

बाजारातली द्राक्षं संपली. शेवटची सुरकुतलेली मिळाली, तीही निवडून घेतली, पुसली, पसरली. वाटी पुढे ठेवली. हात पुढे आला नाही. द्राक्षांवर आधी पांढरं धुकं धरलं, मग थेंब, मग ती मऊ पडली. मी उचलून नेली. नळाखाली वाटी धुताना बघत होते, पाणी नुसतं वाहून जातंय.

नर्सबाई खूश होत्या.

१० मे
दुपारी लाईट गेली ती संध्याकाळी आली. बर्फाच्या कप्प्यातलं सगळं पाघळलं. अननस, सफरचंद, सगळं. पुन्हा गोठवून द्यावं की नाही कळेना, टाकून दिलं. आई म्हणाली, "टाकतीस कशाला, आपण खाऊ." तिघांचंही जेवण झालं नव्हतं. कुणालाच काही खायचं नव्हतं.

पाहुण्यांना आता येऊ नका म्हणून सांगितलंय. बापूकाका दारातूनच परत गेले. रस्त्यावरून ओरडले, "कंडक्टर, बेल मार की!" बापूकाका थोडा वेळ थांबले असावेत, मग चपलांचा आवाज.

१२ मे, सोम.
पौर्णिमा. आई पहाटे विहारात जाऊन आली. मग डाय. मशिनवर चार तास आबांनी डोळे उघडले नाहीत. झोपले नव्हते. शेजारच्या खाटेवरचा माणूस बायकोकडे बर्फाचा खडा मागत होता, लहान मुलासारखा हट्ट करून. मला त्या बाईचा हेवा वाटला.

१४ मे
संध्याकाळी दुकानातून आले. आई काकींकडे होती. आबांनी खुर्ची ओढायला सांगितली. जवळ बस म्हणाले.
"उद्या जायचं का न्हाय?"
मला वाटलं, वार विसरले. गुरुवार आहे, जायचंय, म्हटलं.
"वार ठावं हाय मला. इचारतोय, जायचं का न्हाय. माझ्यानं आता हुईना. मशिन, परत ही तान, परत मशिन. गार तांब्याभर पाणी प्यावं, उन्हात अंगणात बसावं, जे हुईल ते हुईल."
डाय. चुकवलं तर काय होतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं आहे. आबांनाही माहीत आहे. त्यांनी न विचारताच.
"मी ठरवलं तर तू जन्मभर म्हणशील, आबा मला सोडून गेलं. म्हणून तू सांग. तू म्हणशील तसं करतो. कुरकुर न्हाय करायचो."
"सकाळी सांगते."
"सांग."
आणि मग, "जेवलीस काय?" नेहमीसारखं.

१५ मे, गुरु.
उजाडलं. रिक्षा येईल थोड्या वेळात. मी अजून काही सांगितलेलं नाही.

चला म्हटलं तर येतील. सदरा घालतील, रिक्षात बसतील, हात पुढे करतील सुयांसाठी. माझ्यासाठी. आणि किती दिवस? नको म्हटलं तर आजचा दिवस पोटभर पाणी. नंतर मी काय मोजणार?

आईला सांगितलं नाही. तिला विचारायला हवं होतं का? तिचा नवरा आहे. पण विचारलं तर ती माझ्याकडेच बघेल.

आत आई कपाट उघडतेय. आबांना विचारतेय, "अवो, कुटला सदरा काढू?"

आबा म्हणाले, "सुजाला विचार."