कापलेल्या कडा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी सव्वासात. जुनी कॉमिक्स परत पेटीत ठेवून लिहायला बसलो.

सहा वर्षे जपलेली ही चाळीस कॉमिक्स आज जालन्यातल्या एका संग्राहकाला विकायला नेली होती. त्याने एकही उघडले नाही. कडेवरून बोट फिरवून म्हणाला, "ह्या कडा कापल्या कुणी?"

मीच. पिवळ्या पडल्या होत्या, म्हणून अंबडला बाइंडरच्या मशीनवर सरळ कापून घेतल्या. किती सुबक दिसतात म्हणून तेव्हा खूश होतो.

"जशाच्या तशा ठेवल्या असत्या तर भाव होता. आता बिलकुल रद्दी, भाऊ."

एवढी साधी गोष्ट मी कुणाला विचारली का नाही? कडा कापण्याआधी एक फोन तरी?

घरी पोचतो तोच ताईचा फोन. कॉमिक्समध्ये घातलेले पैसे तिचेच, शिवणकामातून साठवलेले.

"विकली का रे?"

"भाव वाढून राह्यलाय, ताई. थांबू अजून."

"बरं, मंग थांब. तुला त्यातलं बराबर कळतं."

ती हे मनापासून म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

कॉमिक्स: ८,००० रुपये. कडा कापणे: २०० रुपये. ताईचे देणे: ८,२०० रुपये. तिला वाटते, ते वाढत आहेत.